आशा परत येते: शेवट नावातच सांगून टाकणारी रहस्यकथा

(ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. ऐकताना चालून जाणारी काही वाक्यं वाचताना अडखळतात, ती थोडी सरळ केली आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

मागे जो आवाज येतोय तो पावसाचा. कशेळ्यात जुलै महिन्यात पत्र्याखाली बसून रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की एवढं चालवून घ्यावं लागतं.

गेल्या काही भागांनंतर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. घरात आजी आहे, आठवीतला मुलगा आहे, सगळ्यांनी एकत्र बसून बघावा असा मराठी रहस्यपट आहे का? म्हणजे मधेच रिमोट शोधायची वेळ येऊ नये, आणि तरी शेवटपर्यंत कुणी पाणी प्यायलाही उठू नये, असा. आहे. १९६४ सालचा 'पाठलाग'. दिग्दर्शक राजा परांजपे, नायक डॉ. काशिनाथ घाणेकर, नायिका भावना. गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचं. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती रौप्यपदक याच सिनेमाला मिळालं. आणि हिंदीतला साधनाचा 'मेरा साया' तुम्ही पाहिला असेल, तर 'पाठलाग'ची गोष्ट तुम्हाला अर्धीअधिक माहीतच आहे, कारण 'मेरा साया' म्हणजे 'पाठलाग'चाच हिंदी अवतार.

आता यात इतिहास कुठे आला, असं विचाराल. येतोय. राजमाचीपर्यंत जायचंय आपल्याला आज. पण आधी एका पुस्तकाच्या नावापासून सुरुवात करू.

'पाठलाग' ज्या कादंबरीवर बेतलाय तिचं नाव आहे 'आशा परत येते'. लेखक जयंत देवकर. हे नाव एकदा सावकाश वाचा. गोष्ट अशी आहे की एका नामांकित वकिलाची बायको, आशा, वारली आहे. त्याच्या डोळ्यांदेखत. त्याचं तिच्यावर जिवापाड प्रेम, त्यामुळे तो पार कोसळलाय. आणि अशात पोलीस येऊन सांगतात की दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडली आहे, ती हुबेहूब तुमच्या बायकोसारखी दिसते, आणि ती म्हणते की मीच वकीलसाहेबांची बायको. प्रकरण कोर्टात उभं राहतं. ही बाई कोण, एवढाच सगळ्या गोष्टीचा प्रश्न.

आणि पुस्तकाचं नाव काय? आशा परत येते! म्हणजे उत्तर मुखपृष्ठावरच छापलंय. रहस्यकथेच्या लेखकानं असं करणं म्हणजे क्रिकेटची मॅच दाखवण्याआधी निकाल सांगण्यासारखं झालं, असं पहिल्यांदा वाटतं. मलाही सुरुवातीला हसू आलं होतं. पण जरा विचार केला की लक्षात येतं, पुस्तकात हे चालून जातं. 'परत येते' म्हणजे नक्की काय? भूत होऊन येते? आठवण होऊन येते? दुसऱ्या बाईच्या रूपात येते? का खरंच येते? वाचणारा नावावर विश्वास ठेवत नाही, कारण पुस्तकातला नवरा ठासून सांगत असतो की ती गेली. वाचकापाशी दोन विधानं असतात, एक मुखपृष्ठावरचं आणि एक नवऱ्याचं. दोन्ही शब्दच. त्यांची झटापट चालू राहते.

सिनेमात हे जमणार नाही. सिनेमात तुम्ही मरण बघता. नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून बाई गेली, हे तुमच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे पुढे कोर्टात जेव्हा ती बाई उभी राहते, तेव्हा थेटरातला प्रत्येक माणूस तिच्या विरुद्धचा साक्षीदार झालेला असतो. कादंबरीतून सिनेमा करताना जो सगळ्यात मोठा बदल होतो तो हा, आणि त्याला एकही संवाद लागत नाही. कॅमेऱ्यानं दाखवलेलं खरं मानायची आपल्याला सवय आहे, आणि गोष्ट त्याच सवयीवर उभी आहे. नाव बदललं ते बरोबरच. 'पाठलाग' म्हटलं की कोण कुणाचा पाठलाग करतंय तेही कळत नाही. पोलीस टोळीचा? ती बाई वकिलाचा? गेलेल्या बायकोची आठवण त्याचा? 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे आशा भोसलेंचं गाणं ज्यांनी ऐकलंय, त्यांना तिसरी शक्यता आधी सुचेल.

शेवट मी सांगणार नाहीये. नावावरून काय तो अंदाज बांधा. 'कसं' हा भाग खरा आहे, आणि तो तुम्हीच बघा.

थोडं त्या काळाबद्दल. राजा परांजपे हे नाव तोवर मराठी घराघरात कशासाठी माहीत होतं? 'लाखाची गोष्ट', 'पेडगांवचे शहाणे', 'गंगेत घोडं न्हालं', 'जगाच्या पाठीवर'. राजा परांजपे, गदिमा आणि सुधीर फडके हे त्रिकूट म्हणजे पन्नाशीतला मराठी सिनेमा, असं म्हटलं तरी फार चुकणार नाही. हसवणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, मध्यमवर्गीय घरातला सिनेमा. त्या माणसानं वयाच्या पन्नाशीनंतर रहस्यपट हाती घेतला. आणि माझं मत विचाराल तर 'पाठलाग' घरच्यांबरोबर बघण्याजोगा झाला तो यामुळेच. गुन्हेगारीच्या गोष्टीत मुरलेल्या दिग्दर्शकानं तो केला असता तर टोळी मोठी झाली असती आणि घर लहान. परांजप्यांनी घर मोठं ठेवलं.

रहस्यकथा वाचणारा वर्ग मात्र तयार होता. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडनं एक अख्खी पिढी वाचायला लावली होती. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. पण त्या गोष्टी मुलांनी पाठ्यपुस्तकात लपवून वाचायच्या, आणि मोठ्यांनी आपण वाचत नाही असं दाखवायचं. रहस्य म्हणजे काळा कोट, पिस्तूल, भुयार. 'पाठलाग'मधलं भुयार म्हणजे एक लग्न. नवरा-बायकोत काय बोलणं झालं, कुणाला काय आवडायचं, कोणत्या दिवशी काय झालं, हे पुरावे म्हणून कोर्टात मांडले जातात. आणि उलटतपासणी घेणारा कोण? नवराच, कारण तो वकील. मला हे आजही भयंकर वाटतं, आणि यात रक्ताचा एक थेंब नाही. लहान मुलगा ते कोडं म्हणून बघतो. आजी ते वेगळ्याच कारणासाठी बघते.

काशिनाथ घाणेकरांबद्दल दोन वाक्यं. चिपळूणचे, पेशानं दातांचे डॉक्टर. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधल्या संभाजीनं १९६२ साली त्यांना रातोरात मोठं केलं होतं. २०१८ साली सुबोध भाव्यांनी त्यांच्यावरच्या सिनेमात त्यांची भूमिका केली, त्यामुळे माझ्या वयाच्या लोकांना ते टाळ्या-शिट्ट्यांचे, तोऱ्यात एंट्री घेणारे घाणेकर म्हणून माहीत आहेत. 'पाठलाग'मधला वकील त्याच्या उलट आहे. त्याला खात्री आहे, आणि ती खात्री हळूहळू भुगा होत जाते. मला हे काम त्या टाळ्यांच्या कामांपेक्षा जास्त आवडतं. भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं.

आता माझ्या कामाचा विषय मधे आणतो, कारण त्याशिवाय मला हा सिनेमा बघताच येत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग लॉगिनचा आहे. समोरचा माणूस जो आहे म्हणतो तो खरंच तो आहे का, हे मशीननं कसं ठरवायचं. आमच्याकडे याचे तीन प्रकार मानतात. तुम्हाला काय माहीत आहे: पासवर्ड. तुमच्याकडे काय आहे: फोन, ओटीपी. आणि तुम्ही स्वतः काय आहात: बोटाचा ठसा, चेहरा. एक पुरत नाही, म्हणून दोन विचारतो.

आता त्या कोर्टातल्या बाईकडे बघा. चेहरा जुळतो, शंभर टक्के. कोर्ट म्हणतं, चेहरे सारखे असू शकतात. तिला घरातल्या खाजगी गोष्टी माहीत आहेत. कोर्ट म्हणतं, कुणीतरी सांगितल्या असतील. बरं, वस्तू? दागिना, साडी, मंगळसूत्र? वस्तू हात बदलतात, चोरीला जातात. तीनही दारं बंद. उरते फक्त चौथी गोष्ट, जी आमच्या सिस्टिममध्ये नसते पण जुन्या बँकेत असायची. आठवतंय का? खातं उघडताना आधीच्या एखाद्या खातेदाराची सही लागायची, की मी या माणसाला ओळखतो. तिला ओळखणारा आणि ज्याचं ऐकलं जाईल असा एकच माणूस जगात आहे, आणि तो म्हणतोय, मी हिला ओळखत नाही.

आणि ही गोष्ट मराठी माणसाला १९६४ साली कानाला नवी वाटायचं काहीच कारण नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वी अख्ख्या पेशवाईनं हीच गोष्ट जगून पाहिली होती, आणि तिचा एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या डोक्यावरच घडला. अक्षरशः डोक्यावर. कर्जतहून कोंदिवड्याकडे जा, कोंढाण्याच्या लेण्यांवरून चढत रहा, वर राजमाची लागते. तिथे.

पानिपत, १४ जानेवारी १७६१. सदाशिवरावभाऊ रणात पडले. विश्वासरावांचा देह ओळखला गेला, भाऊंच्या बाबतीत मात्र शंका राहिली. दुसऱ्या दिवशी शीर नसलेलं एक धड सापडलं, ते भाऊंचं मानून त्याला अग्नी दिला गेला, असं सांगतात. म्हणजे तिथेही प्रश्न तोच. ओळखलं कशावरून?

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. माहेर पेणचं, कोल्हटकरांचं. म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या. त्या स्वतः पानिपतावर होत्या आणि तिथून वाचून परत आल्या. आपला नवरा गेला हे त्यांनी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही, विधवेची रीत पाळली नाही, आणि पुढची वीसएक वर्षं त्या तशाच राहिल्या. त्या काळात, पेशव्यांच्या घरात, एका बाईनं एवढं करणं म्हणजे काय असेल याचा विचार करा.

मग एक माणूस उगवला आणि म्हणाला, मी भाऊ. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेत गेला. पुढे त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवलं होतं. १७७६ साली तिथल्या सुभेदारानं, रामचंद्र नाईक परांजपे यांनी, त्याला सोडवलं आणि खरा भाऊ म्हणून पुढे केलं. (परांजपे! आडनावाचा योगायोग, त्यापलीकडे काही नाही. पण असा योगायोग समोर आल्यावर मी तो सोडणार थोडीच.)

आता १७७६ साल कसं होतं बघा. नारायणरावांचा खून होऊन तीन वर्षं झालेली. गादीवर सवाई माधवराव, वय वर्षं दोन. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. कारभार नाना फडणीस आणि मंडळींच्या हातात. अशा वेळी पानिपतावर गेलेला कर्तबगार, मोठा माणूस परत आला असेल तर कुणाला नको होता? आणि कारभाऱ्यांवर ज्यांचा राग होता त्यांना तर तो हवाच होता. तोतयामागे फौज जमली. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या ताब्यात गेले. तो बोरघाटाच्या तोंडाशी आला, राजमाची घेतली. पुणं तिथून काही फार लांब नाही.

पुण्याहून त्याच्यावर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे निघाले. आधी बोलणी लावली. तोतयाला वाटलं, चला, आपल्याला मानतायत. आणि ऑक्टोबरच्या सुमारास बोलण्यांच्या आडून त्याच्यावर एकदम हल्ला झाला. तो घाट उतरून कोकणात पळाला, कुलाब्याला पोचला, तिथे राघोजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याला पाठवलं. पुण्यात पुन्हा चौकशी झाली. हा बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण, नाव सुखनिधान, असं ठरलं, आणि १७७६च्या डिसेंबरात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' नावाचं नाटक लिहिलं, आणि तो शब्दप्रयोग आपल्या भाषेत कायमचा बसला.

पेण, राजमाची, कुलाबा. हा सगळा आपला परिसर. 'पाठलाग' आला तेव्हा कशेळंसुद्धा कुलाबा जिल्ह्यातच होतं, रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१पासूनचं.

तोतया आणि 'पाठलाग'मधली ती बाई यांना शेजारी ठेवलं की मला एक फरक फार टोचतो. तोतया खोटा होता. पण त्याचं म्हणणं ऐकायला माणसं होती, त्याच्यासाठी किल्ल्यांचे दरवाजे उघडले, पुण्याच्या कारभाऱ्यांना त्याच्याशी निदान बोलण्याचं नाटक तरी करावं लागलं. पुरुष, मोठ्या घराण्याचं नाव, आणि त्या नावामागे फायदा असलेले लोक. 'पाठलाग'मधल्या बाईमागे कुणी नाही. ती खरी असेल तरी तिच्या नावानं कुणाचा फायदा होत नाही. उलट वकीलसाहेबांच्या घराण्याची अब्रू जाते. तोतयाच्या बाबतीत सरकारनं पार्वतीबाईंच्या कुंकवावर निकाल दिला नाही, आणि इथे कोर्ट बाईच्या शब्दावर निकाल देत नाही. दोन्हीकडे बायकोला काय माहीत आहे हे शेवटच्या रांगेत.

जगात अशा गोष्टी आणखीही आहेत. फ्रान्समध्ये आर्तिगा नावाच्या खेड्यात सोळाव्या शतकात एक माणूस दुसऱ्याचा नवरा म्हणून तीनएक वर्षं राहिला. १५६०मध्ये खटला चालू असताना खरा मार्तें गेर लाकडी पाय ठोकत कोर्टात हजर झाला. त्यावर १९८२मध्ये फार चांगला सिनेमा झाला. आपल्याकडे बंगालात भावालचा खटला. भावालचे दुसरे कुमार १९०९ साली दार्जिलिंगला वारले असं समजून सगळं उरकलं गेलं. १९२१ साली ढाक्यात एक संन्यासी आला आणि लोक म्हणाले, हेच ते. खटला १९३० साली उभा राहिला, १९३६ साली न्यायाधीश पन्नालाल बसूंनी संन्यासी खरा ठरवला, आणि १९४६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तोच निकाल कायम केला. निकाल कळल्यावर काही दिवसांतच ते गृहस्थ वारले. बायकोनं शेवटपर्यंत त्यांना नवरा मानलं नाही. आता 'पाठलाग'मध्ये भूमिका उलट करा. बाई कोर्टासमोर, आणि न मानणारा नवरा. भावालच्या कुमारामागे बहिणी होत्या, रयत होती. कोर्टात शेकड्यांनी साक्षी झाल्या. आशाच्या बाजूनं कोण?

आता हे सगळं जुनं झालं, आता आधार आहे, बोटाचे ठसे आहेत, असं कुणी म्हणेल. मग त्यांनी एकदा आमच्या कशेळ्यात नाक्यावर जिथे ऑनलाइन फॉर्म भरून देतात तिथे तासभर बसावं. एखादी योजना जाहीर झाली की रांग लागते, बहुतेक बायकांची. आणि अडतं कुठे? नावात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. रेशनकार्डावर सासरचं. आधारवर तिसरंच स्पेलिंग. आणि आपल्याकडे तर लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहायची पद्धत. म्हणजे सुमन सासरी आली की सुनीता होते, आणि चाळीस वर्षांनी सरकारी वेबसाइट विचारते, सुमन कोण? मग मागतात काय? नवऱ्याचा कागद. नवरा वारला असेल तर त्याचा दाखला. माझ्या समोर एक मावशी हसून म्हणाल्या होत्या, 'अरे बाबा, मीच ती, माझ्याकडं बघ की.' फॉर्ममध्ये 'माझ्याकडं बघ' असा रकाना नसतो. असे फॉर्म माझ्यासारखेच लोक बनवतात, हेही सांगून ठेवतो.

हे मी का सांगतोय? 'पाठलाग' लागला की आज्या जे वेगळ्याच कारणासाठी बघतात म्हटलं, ते हे. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी मराठी सिनेमा लागायचा, त्या काळात वाडीत एखाद-दुसरा टीव्ही असायचा आणि पडवीत पन्नास माणसं. माझी आजी 'पाठलाग'ला सस्पेन्सचा सिनेमा म्हणत नाही. ती म्हणते, 'त्या बाईचं कुणी ऐकत नाही तो पिक्चर.'

बरं, आता या गोष्टीचा पुढचा प्रवास. १९६५ साली ती तमिळमध्ये गेली, 'इदय कमलम', के. आर. विजया होत्या त्यात. १९६६ साली राज खोसलांनी हिंदीत 'मेरा साया' केला. सुनील दत्त आणि साधना. खोसला आणि साधनाची जोडी तेव्हा रहस्यासाठीच ओळखली जात होती, 'वो कौन थी' १९६४, मग 'मेरा साया', मग १९६७चा 'अनिता'. हिंदीत गोष्टीला रंग आला. काळ्यापांढऱ्या सावल्या गेल्या आणि उदयपूरचं पाणी, महाल आले. नवरा ठाकूर झाला. गाणी मदनमोहनची. ती तर काय, आजही कुठेही लागतात. 'झुमका'वालं गाणं एवढं चाललं की ज्या बरेलीचा सिनेमाच्या गोष्टीशी काही संबंध नाही, त्या बरेलीत २०२० साली चौकात भलामोठा झुमका उभारला गेला. गूगल मॅपवर सापडतो, बघा.

मला 'मेरा साया' आवडतो, उगीच नाकं मुरडणार नाही. साधना दोन्ही बाजूंनी बघावी अशी आहे. आणि लताबाईंच्या त्या शीर्षकगीतानं एक काम फार हुशारीनं केलंय, सावलीचा वायदा पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि वायदा करणारी जिवंत आहे की नाही हे कळत नाही. नावाच्या बाबतीत हिंदीनं मधला रस्ता धरला. 'आशा परत येते' सगळं सांगतं, 'पाठलाग' काहीच सांगत नाही, 'मेरा साया' सांगितल्यासारखं करतं. पण तो महाल आला ना, तिथे मला जरा कमी पडतं. महालातल्या ठाकुराच्या बायकोची गोष्ट ही लांबच्या कुणाची तरी होते. मराठीतला वकील शेजारच्या आळीत राहत असेल असं वाटतं. त्याची बायको हळदीकुंकवाला आपल्या घरी येऊन गेली असेल. आणि तरी उद्या ती कोर्टात उभी राहिली तर आपण काय साक्ष देऊ, सांगा बरं?

हिंदी सिनेमा देशभर गेला, गाणी अजून वाजतायत, बरेलीत झुमका उभा राहिला. या सगळ्या वाटेवर जयंत देवकर हे नाव मागे पडत गेलं. 'मेरा साया' ठाऊक असलेल्या दहा जणांना मी विचारलं, मूळ कुणाचं? दोघांना 'पाठलाग' माहीत होता. कादंबरीचं नाव एकालाही सांगता आलं नाही, लेखक तर दूरच. ऑफिसमधला सर्व्हे आहे, दहा माणसांचा, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण जिच्या गोष्टीत एक बाई 'मी कोण ते माना' म्हणून भांडते, त्या कादंबरीलाच ओळख दाखवायला कुणीतरी लागावं, हे जरा लागतं मनाला.

बघायचा कसा तेही सांगतो. 'मेरा साया' पाहिला नसेल तर आधी 'पाठलाग' बघा. प्रत जुनी आहे, काळीपांढरी, आवाज कधीकधी खरखरतो, पहिली दहा मिनिटं मुलं कुरकुरतील. कुरकुरू द्या. कोर्ट सुरू झालं की गप्प होतात. कोर्टाच्या प्रसंगात मधे थांबवून मुलांना विचारा, तुम्ही न्यायाधीश असता तर हिला कोणता प्रश्न विचारला असता? माझ्या चुलतभावाच्या मुलीनं, वय अकरा, सिनेमा थांबवून मलाच विचारलं, 'पण काका, ती खरी आहे हे तिला स्वतःला सिद्ध का करावं लागतंय? तो म्हणतोय ना ती खोटी आहे, मग त्यानं करू देत की.' मी काय उत्तर दिलं ते राहू द्या, तिचं काही समाधान झालं नाही. आणि आजी सोबत असेल तर तिला आधीच बजावून ठेवा, शेवट सांगायचा नाही. ती सांगणार, तो भाग वेगळा.

पुढच्या भागात राजमाचीबद्दलच आणखी बोलू, पाऊस उघडला तर वर जाऊनच. तोवर भेटू.